चिलमीची छापी

धूम्रपानाच्या इतिहासाची साधने चाळू गेल्यास त्यांत तमाखूवरील बंदीचे हुकूम, दरबारी हुक्क्यांची वर्णने आणि वैद्यांचे मतभेद विपुल सापडतात. ज्या ओल्या फडक्यातून धूर गाळून घेतला जाई त्याविषयी मात्र ही साधने बहुधा मौन पाळतात. मराठीत ह्या फडक्याला ‘छापी’ असा स्वतंत्र शब्द आहे. युरोपीय पाईपच्या नळीत बसवावयाच्या कागदाच्या व कोळशाच्या गाळण्या विसाव्या शतकात प्रचारात आल्या. त्या साफ करून पुन्हा वापराव्यात की टाकून द्याव्यात, हा तेथील धूम्रपान करणाऱ्यांचा वादाचा विषय झाला. चिलीम ओढणाऱ्यापुढे असा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. छापी भिजवावयाची, पिळावयाची, धुवावयाची आणि वाळवून पुन्हा भिजवावयाची, हाच तिचा क्रम होता. तथापि छापीचे महत्त्व धूर गाळण्यात कितपत होते आणि चिलीम हातोहात फिरविणे शक्य करण्यात कितपत होते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि त्याचे उत्तर दुसऱ्या बाजूला अधिक झुकते असे दिसते.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. चिलीम ही भाजलेल्या मातीची, वर रुंद व खाली निमुळती होत गेलेली पोकळ नळी होय. तिच्या गळ्याशी एक लहान खडा बसवितात. तमाखू खाली घसरू नये आणि धुराला मात्र बाजूने वाट मिळावी, हे त्या खड्याचे काम. हिंदीत त्याला गिट्टी वा गिट्टक म्हणतात. वर तमाखू, तिच्यावर निखारा, आणि निमुळत्या टोकाभोवती ओली छापी, अशी मांडणी झाली की चिलीम उभी धरून मुठीच्या पोकळीतून झुरका घ्यावयाचा. ओठ मातीला लागत नाहीत, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवली पाहिजे.

ह्या तीन वस्तूंची स्वच्छता तीन प्रकारची नसून दोनच प्रकारची आहे. मातीच्या नळीत काळी, चिकट किट धरते. ती काढण्यासाठी चिंधीचा पीळ नळीतून आरपार ओढीत, आणि तेवढ्याने भागले नाही तर चिलीम विस्तवात घालून किट जाळून टाकीत. भाजलेल्या मातीला आगीचे भय नसते. खड्याचीही तीच गत. छापी मात्र पाण्याची. राखेचे कण व धुरातील तेलकट अंश तिच्यात अडकतात, कापड आधी पिवळे आणि मग तपकिरी होते. ते खळबळून, पिळून पुन्हा वापरात येते. ह्या कामाला जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा तुकडा बरा, कारण नवे कोरे, खळीचे कापड पाणी नीट धरीत नाही. म्हणजे ही गाळणी मुळातच दुसऱ्यांदा उपयोगात आणलेल्या कापडाची असे, आणि त्यानंतर ती कितीदा तरी धुतली जाई.

आता थोडे मागे जाऊ. तमाखू भारतात आली ती पोर्तुगीजांच्या मार्गाने, आणि मोगल दरबारात पोचली ती दक्षिणेतून. अकबराचा अधिकारी असद बेग हा विजापूरच्या वकिलातीवरून परतला तेव्हा, १६०४-०५ च्या सुमारास, त्याने तेथे मिळालेली तमाखू व मुद्दाम तयार करवून घेतलेली शोभिवंत नळी बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने विरोध केला, दरबारात वाद झाला, हे सर्व असद बेगाने लिहून ठेवले आहे. १६१७ मध्ये जहांगीराने तमाखू ओढण्यास मनाई केली. तिचा परिणाम किती झाला हे पुढील तीन शतकांनी दाखविलेच. धूर पाण्यातून नेऊन शुद्ध करण्याची युक्ती हकीम अबुल फतह गिलानी ह्याने काढली, अशी एक आख्यायिका पुष्कळ ग्रंथांतून फिरते. पण हा हकीम १५८९ मध्ये मरण पावला. असद बेगाच्या वृत्तान्ताप्रमाणे त्यानंतर पंधरा वर्षांनी दरबाराला तमाखूचे दर्शन झाले. दोन्ही विधाने एकाच वेळी सहज स्वीकारता येत नाहीत, आणि आख्यायिकेपेक्षा प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाच्या लेखाला अधिक वजन दिले पाहिजे. महाराष्ट्रात ही सवय किती त्वरेने पसरली ह्याची एक खूण तुकोबांच्या गाथेत मिळते. तीत तमाखू ओढण्याचा तीव्र निषेध करणारा अभंग आहे. तो त्यांचाच मानल्यास, असद बेगानंतर अर्ध्या शतकाच्या आत हे व्यसन देहूच्या परिसरात निषेध करण्याइतके रूढ झाले होते असे म्हणावे लागते.

शब्दांकडे वळल्यास एक लक्षणीय विभागणी दिसते. ‘हुक्का’ हा अरबी शब्द, मूळ अर्थ डबी किंवा भांडे. ‘नैचा’ म्हणजे फारसीत लहान वेळू. ‘चिलीम’ हीही फारसीतूनच आली. ‘तंबाखू’ आणि ‘तमाखू’ ही दोन्ही रूपे शेवटी पोर्तुगीजांनी आणलेल्या शब्दाकडे जातात. ‘गुडगुडी’ हा ध्वनीवरून घडलेला देशी शब्द, आणि ‘खडा’ तर घरचाच. ‘छापी’ कोणत्या बाजूची?

हिंदीत चिलमीच्या फडक्याला ‘साफी’ म्हणतात. भांग गाळण्याच्या फडक्यालाही हाच शब्द आहे, आणि त्याचा अरबी ‘साफ’शी संबंध उघड आहे. ‘साफी’वरून ‘छापी’ आली असे म्हणण्याचा मोह साहजिक आहे. फकाराचा पकार होणे मराठीच्या बोलींत अपरिचित नाही. ‘साफ खोटे’ ह्याऐवजी ‘साप खोटे’ असे ग्रामीण उच्चार ऐकू येतात. अडचण येते ती आद्य सकाराची. संस्कृत ‘शाव’चा ‘छावा’ आणि ‘शकट’चा ‘छकडा’ झाला हे खरे, पण ती प्राकृत काळातील घडामोड होय. सतराव्या शतकात किंवा त्यानंतर आलेल्या फारसी-अरबी शब्दांना तोच नियम लावणे म्हणजे आजोबांचा अंगरखा नातवाला घालणे होय. शिवाय नागपूरसारख्या हिंदी-मराठीच्या सीमेवरील प्रदेशातच हा शब्द आढळला असता तर तो हिंदीचा अपभ्रंश ठरविणे सोपे गेले असते. परंतु त्याचा पुढे येणारा ठळक आधार पश्चिम महाराष्ट्रातील आहे. ‘छापणे’ म्हणजे दाबून बसविणे, ह्या क्रियापदाशी नाते जोडल्यास ध्वनी जुळतात आणि अर्थही फारसा ताणावा लागत नाही. कदाचित ‘साफी’ शब्द कानावर असलेल्या लोकांनीच तो ‘छापणे’च्या ओळखीच्या साच्यात ओतला असेल. ह्याहून ठाम विधान करणे तूर्त इष्ट नव्हे.

तो आधार म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकर ह्यांचे श्रीसाईसच्चरित. दाभोलकर १९२९ मध्ये वारले आणि ग्रंथ त्यानंतर लवकरच प्रसिद्ध झाला. त्याच्या पाचव्या अध्यायात धूपखेड्याच्या चांद पाटलाची कथा आहे. हरवलेल्या घोडीच्या शोधात हिंडणाऱ्या पाटलाला झाडाखाली एक फकीर भेटतो आणि चिलीम ओढावयास बोलावतो. चिलीम आहे, तमाखू आहे. विस्तव नाही आणि छापी भिजविण्यास पाणी नाही. फकीर जमिनीत चिमटा खुपसून निखारा काढतो, सटका आपटून पाणी काढतो, छापी भिजते, पिळली जाते, चिलमीला गुंडाळली जाते आणि मग दोघे धूम्रपान करतात.

चमत्कार हा इतिहासाचा पुरावा होऊ शकत नाही. पण चमत्कार सांगताना निवेदक जे गृहीत धरतो ते मात्र उत्तम पुरावा असते. विस्तवावाचून चिलीम पेटत नाही हे कोणीही समजेल. पाण्यावाचूनही ती ओढता येत नाही, हे ज्या समाजात छापी नित्याची होती त्यालाच पटते. मराठी श्रोत्याला छापी म्हणजे काय हे समजावीत बसण्याचे दाभोलकरांना कारण नव्हते. नागेश वासुदेव गुणाजी ह्यांनी ह्या ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर केले तेव्हा मात्र तो शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ उलगडावा लागला.

विदर्भातील समांतर कथा तुलनेस घेण्यासारखी आहे. दासगणूंच्या १९३९ च्या श्रीगजाननविजय ग्रंथात, शेगावी अक्षय्य तृतीयेच्या दिवशी जानकीराम सोनार महाराजांच्या चिलमीसाठी विस्तव देण्याचे नाकारतो आणि बंकटलालाने वर नुसती काडी धरताच चिलीम पेटते. येथे कथेची सारी मदार अग्नीवर आहे, कारण गाऱ्हाणे सोनाराविरुद्ध आहे. गावात पाणी सर्वत्र असते; विस्तव मागावा लागतो. धूपखेड्याच्या कथेत मात्र प्रसंग निर्जन ठिकाणचा, म्हणून छापीची उणीव दृष्टीस पडते. रोजच्या वापरातील वस्तूचा लेखी उल्लेख होण्यास ती अडून राहावी लागते, असा अनुभव भौतिक संस्कृतीच्या अभ्यासकाला वारंवार येतो.

धूपखेड्याच्या कथेत आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच अधिक मोलाची. एक अनोळखी फकीर आणि एक पाटील एकाच चिलमीवर बसतात. रसेल आणि हिरालाल ह्यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये सिद्ध केला. त्या प्रांताची राजधानी तेव्हा नागपूर होती. कोण कोणाच्या हातचे अन्नपाणी घेतो ह्या प्रश्नाइतकाच, कोण कोणाबरोबर हुक्का ओढतो हा प्रश्नही त्या काळी जातिव्यवहाराचा निकष होता. हिंदीत बहिष्काराला ‘हुक्का-पानी बंद’ म्हणतात ते त्यामुळेच. मराठीचा जुना शब्द ‘वाळीत टाकणे’ हा आहे. त्यात हुक्का नाही. एवढ्यावरून मोठे अनुमान काढणे धाडसाचे होईल. तरीही हुक्क्याची नळी एका ओठातून दुसऱ्या ओठाकडे जाते आणि चिलीम एका मुठीतून दुसऱ्या मुठीकडे जाते, हा भेद साधा नाही. मध्ये मूठ आणि ओले, पिळलेले कापड असल्यामुळे उष्ट्याचा आक्षेप सौम्य होई. अर्थात ही सवलत सर्वांना नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना त्या वर्तुळाबाहेर ठेवण्यात आले तेव्हा कितीही धुतलेली छापी पुरेशी मानली गेली नाही, हे विसरता येत नाही.

ह्या दृष्टीने अमरावतीचे दादासाहेब खापर्डे ह्यांची रोजनिशी वाचण्यासारखी आहे. टिळकांचे सहकारी, नामांकित वकील, जन्माने ब्राह्मण असे हे गृहस्थ १९११-१२ च्या हिवाळ्यात शिर्डीस राहिले. मशिदीत बसणाऱ्या साईबाबांनी आपल्या चिलमीचा झुरका दिला आणि आपल्या मनातील शंका फिटल्या, अशी नोंद त्यांनी आनंदाने केली आहे. त्याच शिर्डीत नागपूरचे श्रीमंत गोपाळराव बुटी ह्यांनी दगडी वाडा बांधविला आणि १९१८ मध्ये बाबांचा देह तेथे ठेवण्यात आला. वऱ्हाड-नागपुरातील ह्या सुखवस्तू घरांमध्ये सोवळे-ओवळे कडक होते. फिरती चिलीम स्वीकारणे म्हणजे त्या नियमांतून काही काळ बाहेर येणे होते, आणि खापर्ड्यांना ती नोंद करण्याजोगी वाटली ह्यातच त्या कृतीचे वजन दिसून येते.

छापीने धूर खरोखर शुद्ध होई काय? राख अडे, धूर थंड होई, घशाला चटका कमी बसे. परंतु निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड ओल्या कापडाने थांबत नाहीत, आणि पाण्यानेही नाहीत. हुक्क्याचे पाणी धूर निर्धोक करते हा समज चुकीचा असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये स्पष्ट केले. छापीवर उमटणारा तपकिरी डाग फुप्फुसात जाणाऱ्या किटाचा एक अंश तेवढा दाखवी. तो डाग धुऊन गेला की कापड स्वच्छ झाल्याचे समाधान मिळे, आणि त्या समाधानाला चिलमीच्या दीर्घायुष्याचे काही श्रेय द्यावे लागेल.

चिलमीला मागे सारले ते उपदेशाने नव्हे, विडीने. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली विडी गोंदिया, भंडारा व कामठी येथे हजारो हातांनी वळली जाऊ लागली. तिचे नाव विड्यावरून आले, आणि विड्याप्रमाणेच ती एका माणसाची, एका वेळेची वस्तू ठरली. तिला खडा नको, निखारा नको, पाणी नको, धुण्यासारखे काही उरतच नाही. शेतावर काम करणाऱ्याला ती खिशात नेता येई आणि काडी ओढून पेटविता येई. छापी राहिली ती बैराग्यांच्या व गांजेकसांच्या चिलमीला, आणि मराठी पोथ्यांच्या त्या थोड्या ओव्यांत, जेथे पारायण करणारा आजचा वाचक तिचा अर्थ शेजारच्या वडीलधाऱ्याला विचारतो.