डिस्पोजलची गाडी आणि बर्फाचा रस्ता

आमच्या थोरल्या काकांकडे डिस्पोजलमधून घेतलेली बी.एस.ए. मोटरसायकल होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने नको असलेला माल विकायला काढला, त्यात तंबू, बूट, घोंगड्या आणि ट्रकांबरोबर मोटरसायकलीही आल्या. आमच्या घरात ‘डिस्पोजल’ हा शब्द पुढे विशेषणासारखाच वापरला जाई. दिसायला ओबडधोबड, पण मोडणार नाही अशी वस्तू म्हणजे डिस्पोजल. आजी एका कढईलाही तसे म्हणत असे.

काकांची गाडी एम-२० होती. ४९६ सी.सी., साइड-व्हॉल्व्ह, जेमतेम १३ अश्वशक्ती. ब्रिटिश सैन्यासाठी या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. तिच्या इंजिनाचा नंबर एका गाडीचा आणि चॅसीचा दुसऱ्या गाडीचा होता. त्यापायी काकांना कचेरीत बरेच हेलपाटे घालावे लागले. कारण विचारले की ते म्हणत, “पलटणीतल्या गाडीला गोत्र नसतं.”

हे वाक्य मला पन्नासेक वर्षांनी म्युनिकमध्ये आठवले. मी तेव्हा हिवाळ्यात चालवण्यासाठी एक जुनी लष्करी मोटरसायकल शोधत होतो.

यामागचे निमित्त सांगायला हवे. जर्मनीत भर हिवाळ्यात मोटरसायकलवाल्यांचा एक मेळावा भरतो, ‘एलेफांटेनट्रेफेन’, म्हणजे हत्तींचा मेळावा. एर्न्स्ट लेव्हरकुस या पत्रकाराने १९५६ च्या जानेवारीत श्टुटगार्टजवळच्या सोलिट्यूड येथे मूठभर साइडकारवाल्यांना बोलावले आणि ही परंपरा सुरू झाली. त्सुंडाप कंपनीच्या के.एस. ६०१ या गाडीला लोक ‘हिरवा हत्ती’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. लोकांच्या हातात पैसे येऊ लागले होते, जो तो छोटी मोटार घेऊन साइडकार मोडीत काढत होता. अशा काळात मुद्दाम बर्फात भेटायचे, हे एक प्रकारचे आडमुठेपण होते आणि मला ते आवडते. मेळाव्याच्या जागा बदलत गेल्या. १९८९ पासून तो बव्हेरियाच्या पूर्वेकडील जंगलात, टुर्मान्सबांगजवळच्या सोला येथे भरतो. तिथे जायचे तर गाडी कुठली घ्यायची, हा माझा प्रश्न होता. सैन्यातून निवृत्त झालेली गाडीच घ्यायची एवढे ठरले होते, त्यात काकांचा वाटा मोठा.

पहिला मोह अर्थातच बी.एम.डब्ल्यू. आर-७५ चा. ती आणि तिची जुळी बहीण त्सुंडाप के.एस. ७५० या दोन्ही १९४१ पासून जर्मन सैन्यात दाखल झाल्या. आर-७५ चे इंजिन ७४५ सी.सी., २६ अश्वशक्तीचे. रस्त्यासाठी आणि रानासाठी वेगवेगळे गिअर, वर रिव्हर्स. सगळ्यांत मोठी करामत म्हणजे साइडकारच्या चाकालाही इंजिनाची ताकद मिळे. मध्ये डिफरन्शियल होते आणि चिखलात ते कुलूपबंद करता येई. कागदावर पाहिले तर बर्फासाठी याहून चांगले काही नाही.

पण ही यंत्रे ज्या वर्षी आली, त्याच वर्षाच्या शरद ऋतूत जर्मन सैन्य रशियाच्या चिखलात रुतले. तो चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यात भरून चाक फिरेनासे करी आणि मागोमाग आलेल्या थंडीत तोच दगड होई. इंजिनातले तेल इतके घट्ट व्हायचे की गाड्यांखाली जाळ करण्याची पाळी येई. आर-७५ वर नंतर झालेले बदल बघत गेले की त्या मोहिमेची रोजनिशीच वाचल्यासारखे वाटते. धुळीला कंटाळून १९४२ मध्ये हवेची गाळणी इंजिनापासून उचलून पेट्रोलच्या टाकीवर बसवली. हिवाळ्यासाठी एक्झॉस्टच्या उष्णतेवर हातपाय आणि साइडकारमधला शिपाई शेकण्याची सोय केली. दर सुधारणेमागे कुणाची तरी गोठलेली बोटे आहेत. एवढे करूनही साइडकारसकट वजन ४२० किलोच्या घरात, आणि बनवायला अतिशय किचकट. युद्धाच्या उत्तरार्धात तिचे बरेचसे काम कुबेलवागन ही साधी, स्वस्त मोटार करू लागली.

इथे माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि या लेखाचे प्रयोजन खरे तर तीच. सैन्याची गाडी एकटी कधीच नसते. तिच्या मागे वर्कशॉपचा ट्रक असतो, सुट्या भागांच्या पेट्या असतात, रुतली तर ढकलायला दहा माणसे असतात. आर-७५ ची हुशारी या सगळ्या लवाजम्याच्या भरवशावर उभी आहे. मी एकटा, माझ्यामागे कुणी नाही. तेव्हा सैन्याला काय हवे होते हे न विचारता, लवाजमा तुटल्यावरही कुठली गाडी चालत राहिली हे विचारायला हवे.

याचे उत्तर मला शत्रुपक्षात मिळाले. बी.एम.डब्ल्यू.चेच १९३८ चे आर-७१ हे मॉडेल सोव्हिएत संघाने नमुन्यासाठी उचलले. पाच गाड्या स्वीडनमार्गे गुपचूप आणून सुट्या केल्या, असे कारखान्याची परंपरा सांगते. त्यातून एम-७२ निर्माण झाली. साइड-व्हॉल्व्ह इंजिन, २२ अश्वशक्ती, मागच्या चाकाला चेनऐवजी बंदिस्त शाफ्ट. जर्मन फौजा मॉस्कोजवळ येताच १९४१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर तिथला कारखाना उचलून उरल पर्वतापलीकडच्या इर्बिट गावी नेला आणि एका जुन्या बिअरच्या भट्टीत मांडला. कारखान्याच्या हिशेबाप्रमाणे युद्धकाळात तेथून ९,७९९ गाड्या आघाडीवर गेल्या. सैबेरियाच्या उंबऱ्यावर, ताज्या उखडून आणलेल्या यंत्रांवर बनवता येते, तीच गाडी शेतातल्या शेडमध्ये दुरुस्तही करता येते. एम-७२ च्या साइडकारचे चाक नुसतेच घरंगळते, त्याला ताकद नाही. मला ती उणीव वाटली नाही. तीन चाकांवर गाडी निसरड्यात आडवी होत नाही, निम्मे काम तिथेच झाले. राहिलेले काम फावड्याने होते.

स्वीडनचे उदाहरणही सांगतो, कारण ते फार देखणे आहे. १९८० च्या सुमारास हुस्क्वार्नाने स्वीडिश सैन्यासाठी अडीचशे सी.सी.ची, आपोआप गिअर बदलणारी गाडी बनवली. तिच्या दोन्ही बाजूंना स्की लावता येत. स्वार दोन्ही पाय स्कीवर टेकवून बर्फावरून जाई. क्लच नाही, पायाने गिअर टाकणे नाही, म्हणून पाय मोकळे. थ्रॉटल सोडला तरी इंजिन चाकाला मागे ओढत नाही, त्यामुळे घसरण्याचे एक कारण कमी. इतका स्वच्छ विचार मी दुसऱ्या कुठल्या लष्करी गाडीत पाहिलेला नाही. पण ती कोवळ्या, चपळ शिपायासाठी आहे. साठीच्या उंबरठ्यावरच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाने तिचे फक्त कौतुक करावे.

म्हणून एम-७२. शोधायला लागल्यावर कळले की या बाजारात गणवेश बदलण्याचा मोठा धंदा आहे. एम-७२ ला, किंवा तिच्या चिनी आवृत्तीला, म्हणजे चांग च्यांगला, करडा रंग आणि जर्मन खुणा फासून ‘वेहरमाख्टची अस्सल गाडी’ म्हणून विकतात. ओळखणे अवघड नाही. आर-७५ च्या सिलिंडरांच्या टोकांना व्हॉल्व्हची झाकणे असतात. एम-७२ मध्ये व्हॉल्व्ह बाजूला, खाली. त्यामुळे सिलिंडरचे टोक म्हणजे नुसता पंखेदार चपटा तुकडा.

मी दोन गाड्या पाहिल्या. पहिली दिवाणखान्यात ठेवावी अशी. सगळे नंबर जुळलेले, रंग चकाकता, किंमत तशीच. दुसरी एका शेतकऱ्याच्या कोठारात, गवताच्या भाऱ्यांमागे. इंजिन एका वर्षाचे, चॅसी दुसऱ्या, साइडकार तिसऱ्याच कुठल्या गाडीची. मी तिचीच निवड केली. माझा तर्क असा की लष्करी गाडीचे सगळे नंबर जुळत असतील, तर ती फारशी राबलेली नाही किंवा नंतर कुणी तरी जुळवून आणली आहे. राबलेल्या गाडीचे अवयव बदलत जातात.

तरीही डोळे मिटून घेतली नाही. शाफ्टच्या मागच्या घरातले तेल काढून बोटांवर चोळून पाहिले. त्यात लोखंडाचा कीस चमकला तर दात संपत आले. चारही चाके, म्हणजे पुढचे, मागचे, साइडकारचे आणि वरचे जादा, एकमेकांच्या जागी बसवून पाहिली. एम-७२ मध्ये ती बसतात, आणि बर्फात पंक्चर काढण्यापेक्षा चाक बदलणे किती बरे हे सांगायला नको. आऱ्या वाजवून ऐकल्या. सहा व्होल्टची बॅटरी थंडीत मान टाकणारच, म्हणून किकवर सुरू होते का ते गार इंजिनावरच पाहिले. कॉम्प्रेशन कमी असल्याचा फायदा इथे पायाला कळतो. क्रोमचा पत्ता नाही, जाड हिरवा रंग. जर्मन रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, ते क्रोम खाऊन टाकते, या रंगाला सहसा हात लावत नाही.

जानेवारीच्या अखेरीस निघालो. पल्ला पावणेदोनशे किलोमीटरचा, वेग ताशी पन्नास. दोन्ही बाजूंना आडव्या सिलिंडरांच्या मागे बूट ठेवता येतात, तेवढीच शेकोटी. डान्यूबच्या खोऱ्यात दाट धुके होते आणि तापमान शून्याच्या जरा वर. तिथे इंजिन धापा टाकत बंद पडले. कार्ब्युरेटर गोठला होता. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा आणखी गार होते आणि ओलसर हवेतले पाणी तिथेच बर्फ होऊन बसते. म्हणून कडक, कोरड्या थंडीपेक्षा असले ओले धुके जास्त त्रास देते. दहा मिनिटे थांबलो. इंजिनाच्याच उष्णतेने तो बर्फ वितळला आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. असे तीनदा झाले.

सोलाच्या खोलगट दरीत, तंबू आणि धुरामध्ये, मला एक आर-७५ दिसली. अतिशय सुंदर. ती ट्रेलरवरून आली होती. तिच्या मालकाने माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून दोन्ही नंबर वाचले आणि ते जुळत नसल्याचे मला सहानुभूतीने सांगितले. मला काकांचे वाक्य त्याला सांगायचे होते, पण ‘गोत्र’ला जर्मनमध्ये शब्द सुचेना. शेवटी मी त्याला चहा दिला.