प्रकाशित कशाला म्हणावे?

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी शिफारसपत्र मागायला आली. मराठीची एम. ए.; अमेरिकेतील एका विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज करीत होती. तिच्या परिचयपत्रात 'प्रकाशने' या मथळ्याखाली एकच नोंद होती : एका संशोधनपत्रिकेतील चार पानी निबंध. शुल्क भरल्यावर पंधरा दिवसांत तो छापून आला होता, आणि तसा छापून घे असे तिला सांगणारा मीच होतो. ग्रामीण कादंबरीतील बोलीवर तिने तीन वर्षे महाजालावर लिहिलेल्या अकरा लेखांचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. विचारले तेव्हा म्हणाली, "सर, ते नुसतं नेटवरचं. ते कुठे धरतात?"

या 'धरण्या'लाही एक इतिहास आहे, आणि मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो अपरिचित नसावा.

१८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. तेथील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही, अशी तक्रार फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) नोंदवली. हे नाटक 'पुरोगामी सत्यशोधक'मधून प्रथम छापले गेले ते १९७९ साली. मधली सव्वाशे वर्षे ते अप्रकाशितच होते. त्या काळाच्या मोजमापाने पाहिले तर फुल्यांच्या 'प्रकाशनां'त त्याची नोंद होऊ शकली नसती. आज आधुनिक मराठी नाटकाच्या प्रारंभाची चर्चा त्याला वगळून करता येत नाही.

सुमारे शंभर वर्षांनी दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' सुरू केले. चक्रमुद्रित पाने, मोजके वाचक. पुढे अशोक शहाणे यांचे 'असो' आणि इतर अनियतकालिके आली. प्रतिष्ठित मासिकांच्या संपादकीय चाळणीतून हे लेखन गेले नव्हते. किंबहुना ती चाळणी नाकारणे हाच त्यामागचा हेतू होता. कोलटकरांचे इंग्रजी 'जेजुरी' १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आले तेही 'क्लिअरिंग हाउस' या कवींनीच चालवलेल्या सहकारी प्रकाशनातून. दुसऱ्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. आज ही अनियतकालिके आपण अभ्यासक्रमात शिकवतो. त्यांतली पाने चक्रमुद्रित होती म्हणून ती 'धरू नयेत', असे कोणी म्हणत नाही.

यावर असा आक्षेप येईल की वाङ्मयात काळ निवाडा करतो, पण विद्येच्या क्षेत्रात तज्ज्ञांची तपासणी हवी. आक्षेप योग्य आहे. मात्र ही तपासणीही वाटते तितकी जुनी नाही. विज्ञानातील अग्रगण्य 'नेचर' साप्ताहिकाने प्रत्येक निबंध बाहेरच्या परीक्षकांकडे पाठवण्याचा नियम केला तो १९७३ मध्ये. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरील निबंध १९५३ मध्ये तशा परीक्षणाविनाच छापला गेला होता. उलट, ग्रिगोरी पेरेलमान या रशियन गणितज्ञाने पोआंकारेच्या अनुमानाची सिद्धता २००२-०३ मध्ये 'अर्काइव्ह' या महाजालावरील खुल्या संग्रहात ठेवली आणि ती कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवली नाही. जगभरच्या गणितज्ञांनी काही वर्षे खपून ती ओळ न् ओळ तपासली. २००६ मध्ये त्यांना फील्ड्स पदक जाहीर झाले. त्यांनी ते नाकारले, हा भाग वेगळा.

तेव्हा उजेडात आणणे ही एक क्रिया आहे आणि पारख होणे ही दुसरी. छापखान्याच्या काळात या दोन्ही बहुधा एकाच दाराने येत, म्हणून आपण त्यांना एक समजू लागलो.

या गैरसमजाची किंमत आपण अध्यापकांनी चुकवली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने 'एपीआय'चे गुण आणले आणि 'आयएसएसएन आहे का?' हा महाविद्यालयांतला पहिला प्रश्न झाला. वास्तविक हा क्रमांक नियतकालिकाची केवळ ओळख पटवतो. गुणवत्तेची हमी देत नाही. पुढे मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी झाली आणि मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ पत्रिका एकदम वगळाव्या लागल्या. २०१९ पासून 'केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही थांबवली आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. पंधरा वर्षांनंतर आपण पुन्हा मूळ प्रश्नाशी आलो : लेख वाचून त्याची प्रत कोण ठरवणार?

अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या समितीने डिसेंबर २००६ च्या अहवालातच, नव्या माध्यमांतील विद्वत्तापूर्ण लेखनाला भाषाविभागांनी मान्यता द्यावी, अशी शिफारस केली होती. ती प्राध्यापकांच्या बढतीसंबंधी होती, प्रवेशासंबंधी नव्हे. पण प्रवेशअर्ज वाचणारेही तेच प्राध्यापक असतात. मानव्यविद्यांच्या अर्जात ते लेखननमुना बारकाईने वाचतात, आणि समीक्षित निबंध व स्वतःच प्रसिद्ध केलेला लेख यांतला फरक त्यांना कळतो. म्हणून महाजालावरचे लेखन लपवू नये, तसेच ते समीक्षित असल्याचा आवही आणू नये.

त्या दिवशी आम्ही दोघांनी ते परिचयपत्र पुन्हा लिहिले. 'समीक्षित प्रकाशने' हा मथळाच काढला, कारण त्याखाली प्रामाणिकपणे लिहिण्यासारखे काही नव्हते. 'अन्य लेखन' असा मथळा करून अकरांपैकी चार लेख दिनांक आणि दुव्यांसह नोंदवले. 'संपादकीय परीक्षणाविना' असे स्पष्ट लिहिले. त्यांतलाच एक लेख वाढवून तिने लेखननमुना केला. शुल्क भरून छापलेल्या निबंधाचे काय करायचे, असे तिने विचारले. तो काढून टाक, असे सांगताना मला अवघडल्यासारखे झाले, कारण तसेच तीन निबंध माझ्या स्वतःच्या बढतीच्या फायलीत आहेत, आणि त्यांचे गुण मी घेतलेले आहेत.