मातीने न राखलेले मणी

रतनगुंजेच्या झाडाखाली सांडलेल्या लालचुटूक बिया वेचून लहानपणी आपल्यापैकी अनेकांनी माळा ओवल्या असतील. पण अशा माळांचा इतिहास सहसा हाती लागत नाही. बी मातीत रुजते, नाहीतर कुजते.

नेवाशाचेच पाहा. प्रवरेकाठी डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन केले. ताम्रपाषाण काळातल्या एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तीन हजारांहून अधिक वर्षे उलटूनही तिचा रेशीम-कापसाचा धागा थोडा शिल्लक होता. तांब्याच्या गंजाने तो राखला.

मणी बियांचे असते, तर धागाही उरला नसता. म्हणून ज्या दफनात मणी मिळाले नाहीत, तिथला गळा उघडाच होता, असे समजू नये.