ओहोटीला मुंबईच्या खडकांवर काय शोधतात?

मुंबईचा समुद्र म्हणजे गढूळ पाणी आणि प्लास्टिक, असा अनेकांचा समज. पण ओहोटीला हाजी अली किंवा कार्टर रोडच्या खडकांवर समुद्रफुलं, ऑक्टोपस, रंगीत समुद्री गोगलगायी, इतकंच काय, प्रवाळही दिसतात. २०१७ साली सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातले स्वयंसेवक त्यांच्या नोंदी ठेवतात.

यासाठी दिवस पाहून जावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. एरवी पाण्याखाली असणारा खडक तेव्हा थोडा वेळ उघडा पडतो.

जीव घरी न्यायचा नाही, जागेवरच फोटो काढायचा. तारीख आणि ठिकाणासह तो ‘आयनॅचरलिस्ट’वर टाकला, की इतर लोक प्रजाती ओळखतात. किमान दोघांचं आणि मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक लोकांचं एकमत झालं, तर नोंद ‘रिसर्च ग्रेड’ ठरते. मग ती संशोधकांनाही वापरता येते.

शैवाल मात्र मागे पडतं. ऑक्टोपस दिसला की सगळे मोबाइल तिकडेच वळणार! शिवाय शैवालाच्या कित्येक प्रजाती फोटोवरून ओळखता येत नाहीत, सूक्ष्मदर्शक लागतो. कोकण किनाऱ्यावर ते पावसाळ्यानंतर वाढतं आणि हिवाळ्यात भरात येतं. त्यामुळे एकदाच मे महिन्यात जाऊन ‘इथे शैवाल नाही’ म्हणणं चूक. काही समुद्री गोगलगायी हिरव्या शैवालाचा रस शोषूनच जगतात. शैवाल गेलं, तर त्यांचं अन्नच जातं.

नोंदींना महत्त्व का, तेही इथेच कळतं. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. म्हणूनच कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली इथले प्रवाळ २०२० मध्ये वन विभागाची परवानगी घेऊन हलवावे लागले. शेजारच्या समुद्रफुलांना आणि शैवालाला असं संरक्षण नाही. ती तिथे होती, हे दाखवायला नोंदच लागते.

पाहायला जायचं असेल, तर भरतीची वेळ तपासा आणि पाणी चढण्याआधी परता. उलटलेला दगड होता तसा ठेवा. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊ नका. त्यातली गोगलगाय विषारी दंश करते.