आणखी तीस घोडे

गेले तीन रविवार इथे काही लिहिलं नाही. त्याचं कारण खाली पार्किंगमध्ये उभं आहे.

२००४ साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि दुचाकीवरून धूळ खात हिंजवडीला जात होतो. त्याच वर्षी औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) मामांनी स्कोडा ऑक्टाविया व्हीआरएस घेतली. स्कोडाचा कारखाना तिथेच जवळ शेंद्र्याला, त्यामुळे गावात या गाडीचं जरा जास्तच कौतुक. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. आमच्या घरात तोवर कुणी १५० हा आकडा फक्त शाळेतल्या मार्कांच्या संदर्भात ऐकला होता. मामांनी एकदा मला शेजारी बसवून नगर रस्त्याला गाडी दाबली, तेव्हा पाठ सीटला चिकटली ती अजून आठवते.

दोन वर्षांपूर्वी मामांचे गुडघे बोलायला लागले. "विकण्यापेक्षा तूच ने. फक्त फाईल नीट ठेव," एवढं बोलून त्यांनी किल्ली दिली. फाईल म्हणजे वीस वर्षांची सगळी बिलं, तारखेप्रमाणे लावलेली. ऑइल, टायमिंग बेल्ट, ब्रेक पॅड... आमच्या कंपनीतल्या कुठल्याही प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन इतकं चांगलं नाही.

आता माणसाचा स्वभाव बघा. वीस वर्षं ज्या गाडीचं स्वप्न पाहिलं ती हातात आली, आणि दुसऱ्या महिन्यात मी शोधत होतो की हिची ताकद आणखी कशी वाढवता येईल! झालं असं, की एका रात्री वाचताना कळलं की युरोपात हीच ऑक्टाविया आरएस १८० अश्वशक्तीची होती. आपल्याकडे १५०. म्हणजे माझे तीस घोडे कुणीतरी ठेवून घेतले होते! ऑफिसातल्या मित्राने लगेच उपाय सांगितला : "रिमॅप करून टाक. लॅपटॉप लावायचा, नवी फाईल चढवायची, तासाभरात काम. स्टेज वन."

सॉफ्टवेअरवाल्याला याहून गोड काय ऐकू येणार? पाना नाही, ग्रीस नाही, एक कॉन्फिगरेशन बदललं की तीस घोडे हजर. पण याच धंद्यात एक गोष्ट हात भाजून शिकलो आहे. दुसऱ्याच्या कोडमध्ये एखादी मर्यादा घातलेली दिसली, तर ती काढण्याआधी ती का घातली ते बघायचं. म्हणून पैसे भरण्याआधी टर्बोचा इतिहास वाचायला घेतला, आणि तीन रविवार गेले.

मूळ कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५चं. इंजिनात जळलेल्या इंधनाच्या उष्णतेचा मोठा वाटा धुराबरोबर बाहेर जातो. त्या धुरावर एक चक्र फिरवा, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवा, आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरा. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. ब्युखीला हे जहाजाच्या डिझेल इंजिनावर नीट जमायला १९२५ साल उजाडलं. तेव्हा १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० पर्यंत गेलं.

मधल्या काळात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी वेगळीच अडचण सोडवली. विमान उंच गेलं की हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकतं. १९१८ साली त्यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या शिखरावर नेऊन चालवलं. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारं इंजिन वर सव्वादोनशेच्या आसपास आलं होतं. टर्बो लावल्यावर ते परत साडेतीनशेच्या वर गेलं. टर्बोचं हे काम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे : मॉसना जास्तीची ताकद नको होती, हरवलेली परत हवी होती.

मोटारीत टर्बो आला तो १९६२ मध्ये, आणि आल्या आल्या अडचणीत सापडला. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबिल जेटफायरचं साडेतीन लिटरचं इंजिन २१५ अश्वशक्ती द्यायचं. पण हवा दाबली की तापते. मी सहज गणित करून पाहिलं. ३० अंशाची हवा ०.५ बारने दाबली, तर साधारण टर्बोतून ती ८५ अंशांच्या आसपास होऊन निघते. १ बारने दाबली तर १३० अंश. इतकी गरम हवा इंजिनात गेली की ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर आतून हातोडी मारल्यासारखं आहे ते. जेटफायरवाल्यांनी उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली. नाव दिलं 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. त्याची टाकी मालकाने भरायची.

मालक टाकी भरायला विसरले. (युझर मॅन्युअल वाचत नाही, हा शोध आपल्या पिढीचा नव्हे.) टाकी रिकामी झाली की गाडी आपणहून टर्बोचा दाब कमी करायची, मग मालकांच्या तक्रारी, की ताकद कुठे गेली? दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या बनवून प्रकरण बंद झालं. पुढे कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बो काढून तिथे साधा कार्ब्युरेटर बसवून दिला.

दुसरं टोक बघायचं असेल तर फॉर्म्युला वन. रेनोने १९७७ मध्ये तिथे टर्बो आणला, १९८३ मध्ये नेल्सन पिके बीएमडब्ल्यूच्या टर्बो इंजिनावर विश्वविजेता झाला. १९८६ पर्यंत पात्रता फेरीत दीड लिटरच्या इंजिनातून हजारावर अश्वशक्ती निघत होती. हजार! माझ्या इंजिनापेक्षा लहान इंजिनातून. पण त्या फेरीची इंजिनं वेगळीच असायची, दोन-चार फेऱ्या मारल्या की आयुष्य संपलं. मग नियम आले. १९८७ मध्ये दाबावर ४ बारची मर्यादा, १९८८ मध्ये २.५, आणि १९८९ पासून टर्बो बंद (तो परतला थेट २०१४ मध्ये). म्हणजे 'या इंजिनातून किती निघेल' या प्रश्नाला एकट्याला अर्थच नाही. किती वेळ निघेल, तेही सांगावं लागतं.

या दोन टोकांच्या मधली वाट काढली ती स्वीडनच्या साबने, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. १९७७ साली दाखवलेल्या साब ९९ टर्बोमध्ये त्यांनी मुद्दाम लहान टर्बो घेतला. लहान चक्र लवकर फिरू लागतं, म्हणजे रोजच्या वेगालाच जोर मिळतो. आणि दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून वेस्टगेट, म्हणजे जास्तीच्या धुराला बाहेर काढणारी झडप. दोन लिटरमधून १४५ अश्वशक्ती, आणि गाडी घरच्यांना घेऊन बाजारात जाण्याजोगी. पुढे १९८२च्या सुमारास त्यांनी इंजिनाला कान दिले. एक सेन्सर नॉकिंगचा आवाज ऐकतो, आणि तो आला की इलेक्ट्रॉनिक्स दाब कमी करतं. पेट्रोल चांगलं असो की सुमार, इंजिन आपापलं जुळवून घेतं. जेटफायरच्या मालकाने जे करायला हवं होतं ते आता एक सर्किट करत होतं.

आज ज्याला आपण ईसीयूमधला 'मॅप' म्हणतो तो याच सर्किटचा पणतू. रिमॅप करणारा माणूस त्यातली आकड्यांची कोष्टकं बदलतो : दाब किती, ठिणगी कधी, इंधन किती. कारखान्याने तिथे थोडी जागा राखलेली असते, वाईट पेट्रोलसाठी, मे महिन्यातल्या विदर्भासाठी, ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या मालकासाठी. रिमॅपवाला ती जागा विकतो. लबाडी नाही त्यात काही, फक्त ती जागा कशासाठी होती हे विकत घेणाऱ्याला माहीत असावं.

मग मी माझ्या इंजिनाकडे आलो. फोक्सवॅगन समूहाचं हे २० व्हॉल्व्हचं १.८ टर्बो १९९५ पासून ऑडीत, फोक्सवॅगनमध्ये, स्कोडात, सगळीकडे लागलं. विस्थापन तेच, १७८१ घन सेंटिमीटर. ताकद मात्र १५०, १८०, २२५ अशी वेगवेगळी. म्हणजे अपग्रेड कसं करायचं याचं उत्तर कारखान्यानेच देऊन ठेवलं आहे, आपण फक्त दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक वाचायचा. ऑडी टीटीचं १८० आणि २२५ बघा. २२५ साठी टर्बो मोठा झाला, हवा थंड करायला एकाऐवजी दोन इंटरकूलर आले, कॉम्प्रेशन ९.५ वरून ९ वर उतरलं, गिअरबॉक्स सहा गिअरचा झाला. टॉर्क २३५ वरून २८० न्यूटन मीटर. नुसती फाईल बदलून ४५ घोडे त्यांनाही काढता आले असते बहुतेक, त्यांनी काढले नाहीत. त्यांना ती गाडी वॉरंटीवर विकायची होती.

मग गॅरेजवाले स्टेज वन, टू, थ्री म्हणतात त्याचाही उलगडा होतो. या शब्दांची कुठे ठरलेली व्याख्या नाही. ढोबळ मानाने वन म्हणजे राखलेली जागा वापरणं, टू म्हणजे हवा आणि धूर यांची वाट मोकळी करून थंडावा वाढवणं, थ्री म्हणजे मोठा टर्बो, आणि त्यामागून इंजेक्टर, पंप, क्लच, कनेक्टिंग रॉडपर्यंत पोचणारी यादी. आणि रॉड वाकवतो तो कमी आरपीएमला अचानक आलेला टॉर्क. कार्डावर छापतात ती वरची अश्वशक्ती त्या मानाने साधी.

हे सगळं डोक्यात घेऊन गाडी डायनोवर नेली. म्हटलं, आधी आहे ते मोजू. चाकांवर १०६ अश्वशक्ती! वाटेतलं नुकसान पंधरा टक्के धरलं तरी इंजिनाची १२५. म्हणजे युरोपातले तीस घोडे सोडाच, मामांच्या दीडशेतलेच पंचवीस गायब. ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने हवेच्या पाइपांमध्ये दाबाने धूर सोडला, आणि टर्बो ते इंटरकूलर या रबरी पाइपच्या खालच्या बाजूने तो निवांत बाहेर आला. वीस वर्षांचं रबर, दुसरं काय होणार! "साहेब, याच्यावर रिमॅप मारला असता ना, तर फाटक्या फुग्यात जास्त हवा भरल्यासारखं झालं असतं," तो म्हणाला. टर्बो गळती भरून काढायला आधीच जास्त फिरत होता, त्याला अजून पळवलं असतं तर तो गेलाच असता.

पाइप, दोन क्लॅम्प, प्लग आणि एक व्हॉल्व्ह बदलला. पुन्हा डायनो : १२४. म्हणजे इंजिनाचे १४६ च्या आसपास. एकवीस वर्षांच्या इंजिनाचे!

आता प्रश्न उरला रिमॅपचा. क्लच मूळचाच आहे, इंटरकूलर १५० साठीचा आहे, इंधनाची जुनी रबरं आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाहीत. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ आणि विमा कंपनी या दोन गोष्टी आहेतच. बदल करून विमा कंपनीला सांगायचं नाही आणि अपघात झाल्यावर दावा करायचा, हे मला झेपणारं नाही. तेव्हा मी रिमॅप करणार नाही. त्या पैशांत इंधनाचे पाइप आणि क्लच होईल. मित्र म्हणतो, घाबरलास. असेन. पण या गाडीचं इंजिन गेलं तर मामांना फोन मला करायचाय, त्याला नाही.

गेल्या रविवारी गाडी घेऊन संभाजीनगरला गेलो. परतीच्या आधी मामा शेजारी बसले, शहराबाहेर मोकळ्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये दाबली. मामांनी दाराचं हँडल धरलं.

"काय बसवलंस रे हिच्यात?"

"एक पाइप, मामा."

त्यांना काही पटलं नाही. घरी आल्यावर त्यांनी बिल मागितलं. दाखवलं, तर चष्मा लावून वाचलं, आणि फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावलं.

असो. पुढच्या रविवारी भेटूच.