स्पेसवॉक : पोकळीत काम करण्याची कला
अवकाशयानाबाहेर पडून निर्वात पोकळीत वावरणे म्हणजे स्पेसवॉक. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह ‘वोस्खोद-२’ यानातून प्रथमच बाहेर पडले व सुमारे १२ मिनिटे तरंगले. पोशाख फुगल्याने त्यांना आत शिरता येईना. अखेर पोशाखातील हवेचा दाब कमी करून ते परतले. ३ जूनला अमेरिकेचे एड व्हाइट बाहेर पडले. १९६६ मध्ये यूजीन सर्नन यांची मात्र दमछाक झाली, शिरस्त्राणाची काच बाष्पाने धूसर झाली आणि काम अर्धवट राहिले. पाण्याखाली सराव केलेल्या बझ ऑल्ड्रिन यांनी त्याच वर्षी, यानावरील आधारदांड्यांच्या साहाय्याने नियोजित कामे पूर्ण केली. अंतराळ स्थानकाच्या उभारणीमागे हाच धडा आहे.