पेटीतले कागद आणि भारत इतिहास संशोधक मंडळ

मंडळी, आपण शिवजयंती १९ फेब्रुवारीला साजरी करतो (किंवा जवळच्या शनिवारी, हॉल मिळेल तसा!). पण ही तारीख आली कुठून? पूर्वी महाराजांचा जन्म १६२७ सालचा धरत. मग जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेली शकावली, म्हणजे सालवार नोंदींचे टिपण, लोकमान्य टिळकांच्या हाती आली. १९१६ साली ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. त्यात होते फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे तंजावरला सापडलेल्या ‘शिवभारत’ काव्याच्या पोथीनेही हीच तिथी दिली.

एका घराने कागद जपले, म्हणून हे कळले!

७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी हे मंडळ स्थापन केले. राजवाडे त्याआधीपासूनच गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे शोधत होते. आज सदाशिव पेठेतल्या या वास्तूत सुमारे १५ लाख मोडी कागद आहेत, शिवाय पोथ्या, नाणी, चित्रे. सगळी काही राजांची पत्रे नाहीत. वतनाचे तंटे, जमाखर्च, निवाडे, म्हणजे तुमच्या-आमच्या पूर्वजांचे रोजचे जगणेच.

५ जानेवारी २००४ रोजी जमावाने पुण्यातल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला करून नासधूस केली, तेव्हा असा ठेवा किती नाजूक आहे ते सगळ्यांनाच कळले.

आमच्या धंद्यातला माणूस लगेच म्हणेल, “स्कॅन करून टाका, संपलं!” स्कॅन हवेच, पण ते नुसते चित्र. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवतात. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे ती टाइप करायची सोय झाली. तरी जुन्या कागदावरचे वळण लावायला जाणकार डोळेच लागतात, आणि तेच कमी आहेत.

मोडी शिकायला पुण्यातच राहावे लागते असे नाही. आणि गावचे घर विकायला काढलेच, तर माळ्यावरची पेटी रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. आपल्याला वाचता येत नाही, म्हणजे त्यात काही नाही, असे नव्हे.